चोक आत होता

बाबा गाडी चालवायला शिकले ते निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी. कलेक्टर कचेरीतली सगळी नोकरी त्यांनी सायकलवर काढली होती. बदली होऊन चाललेल्या एका ओळखीच्या गृहस्थांची जुनी गाडी आमच्याकडे आली, तेव्हा बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या गल्लीची चांगली करमणूक झाली. बाबा पहाटे उठून मैदानावर शिकायला जायचे आणि घामाघूम होऊन परत यायचे. महिनाभरात नाद सोडतील असं सगळ्यांना वाटत होतं, मलासुद्धा. त्यांनी सोडला नाही. पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसरीत पास झाले, आणि लायसन्स हातात आलं त्या संध्याकाळी त्यांनी ते देवापुढे ठेवलं. माझ्या इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्याच्या वाट्याला हा मान आला नव्हता.

पुढची सात-आठ वर्षं त्यांनी गाडी अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी चालवली. वळताना हात बाहेर. थांबताना गिअर काढायचा, हँडब्रेक ओढायचा, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. मागचा कितीही भोंगे वाजवू दे, बाबांचा क्रम चुकायचा नाही. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. रस्त्यावर रोज नवीन छोट्या चकचकीत गाड्या दिसत होत्या, आणि त्यांच्यामधून आमची म्हातारी गाडी घेऊन बाबा ताठ बसून जात. आईचे गुडघे धरले तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, सकाळी अकरा वाजता, तिला व्यायामासाठी दवाखान्यात नेणं-आणणं हे त्यांचं काम झालं होतं. ती त्यांची नवी नोकरीच होती म्हणा ना, आणि पहिल्या नोकरीपेक्षा त्यांना ती जास्त आवडायची.

मी तेव्हा तेहेतीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि गोरव्याच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये. शेतात औषध फवारायच्या पंपांची पितळी नोझलं आम्ही बनवायचो. नोझलचं भोक जरासुद्धा मोठं झालेलं दिसलं की मी अख्खं खोकं परत पाठवत असे. ऑपरेटर मला टरकून असायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. घरच्या गाडीच्या दुरुस्तीचा मक्ताही मीच घेतला होता. गोरव्याच्या रस्त्यावर एक गॅरेजवाले काका होते. त्यांच्याकडे स्टुलावर बसून प्लग साफ करणं, पॉइंटची फट लावणं, कार्बोरेटर खोलणं हे सगळं मी बघून बघून शिकले होते. शिकले म्हणजे आता मला सगळं येतं, अशी माझी समजूत होती.

आमच्या घराची एक खोड इथे सांगायला हवी. पणजोबांपासून सगळे संस्थानच्या कचेरीत, नंतर सरकारी कचेरीत. त्यामुळे घरात तक्रार तोंडी करायची पद्धतच नाही. बाबा पाठकोऱ्या कागदाचा तुकडा घेऊन टिपण लिहायचे आणि टेलिफोनच्या डायरीखाली ठेवायचे. ‘विषय : मोरीचा नळ. सदर नळ दोन दिवसांपासून ठिबकत आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी.’ ज्याच्याकडे कार्यवाही असेल त्याने वाचून कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहून सही करायची. एकदा ‘विषय : कन्येचे वय’ असंही टिपण आलं होतं. त्यावर मी ‘पाहिले’ लिहिलं आणि विषय तिथेच दप्तरी दाखल झाला. आई या कारभाराला नुसती हसायची, कारण तिची सगळी कामं ओरडून होत असत.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर गाडी कुरकुर करायला लागली. जागेवर उभी असताना इंजिन थरथरायचं आणि बंद पडायचं. ॲक्सिलरेटर दाबला की कार्बोरेटरमधून फट् फट् आवाज यायचा. प्लग काढून पाहिले तर पांढरे फटक. दुखणं उघड होतं. कार्बोरेटरचं काम एवढंच, की पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात कालवून इंजिनाला द्यायची. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, जास्त झालं की दाट. आमटीचं जसं असतं तसंच. आमचं मिश्रण पातळ झालं होतं. पण थंडीचे दिवस होते, मला वेळ नव्हता, म्हणून मी बाबांना तात्पुरता उपाय सांगितला, “चोक अर्धा ओढून चालवा.” चोक म्हणजे डॅशबोर्डखालची एक काळी मूठ. ती बाहेर ओढली की हवेची वाट अडते आणि मिश्रण दाट होतं. खरं तर ती फक्त थंड इंजिन सुरू करताना ओढायची आणि गाडी तापली की आत ढकलायची. बाबांना अर्धा चोक ओढून चालवणं मुळीच पसंत नव्हतं. “हे नियमात बसत नाही,” ते म्हणाले. तरी मी सांगितलं म्हणून दोन महिने त्यांनी तसं चालवलं.

मला फुरसत मिळाली ती वासी उत्तरायणाला. बडोद्यात संक्रांतीचा दुसरा दिवसही पतंगांचाच. कारखाना बंद, दुकानं बंद, अख्खं गाव अगाशीवर. मी मात्र खाली गल्लीत बॉनेट उघडून, कार्बोरेटर सोडवून, जुन्या ताटात त्याचे भाग मांडून बसले होते. वरून “काप्यो छे!” असा ओरडा येत होता आणि मधूनच एखादा तुटलेला पतंग गाडीच्या टपावर येऊन पडत होता. आमच्या कार्बोरेटरला दोन मुख्य जेट होते. जेट म्हणजे मधोमध भोक असलेला पितळेचा चिमुकला स्क्रू. जागेवर उभ्या गाडीला पेट्रोल पुरवतो तो स्लो जेट, आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरचं. उजेडाकडे धरून पाहिलं तर पलीकडचं काही दिसेना. आत पेट्रोलचा चिकट कीट बसला होता. म्हणजे रोगाचं मूळ सापडलं. मी इतकी खूश झाले की तिथूनच आईला हाक मारून सांगितलं.

फुंकून पाहिलं, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलं, सायकलच्या पंपाने हवा मारली. कीट हलेना. गॅरेजवाल्या काकांनी मला अगदी पहिल्या दिवशी बजावलं होतं, “बेन, जेटमां तार नहीं नाखवानो. कदी नहीं.” जेटमध्ये तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. हा नियम मला तोंडपाठ होता आणि मी तो पाळला. तार घातली नाही. दोरा घालू या म्हटलं. दोरा काय, त्या दिवशी गल्लीत पायाला गुंडाळत होता. टपावर पडलेल्या पतंगाचाच हातभर दोरा मी तोडून घेतला, टोकाला थुंकी लावून सुईत ओवतात तसा भोकातून ओवला, आणि दोन्ही टोकं धरून मागे-पुढे, मागे-पुढे ओढत राहिले. दहा मिनिटं तरी. कीट निघाला, भोक लख्ख झालं. दोऱ्याने माझी दोन बोटं कापली होती, त्यांवर हळद दाबली. सगळं परत जोडलं, गाडी सुरू केली, मिश्रणाचा स्क्रू फिरवून आवाज जुळवला आणि चोक आत ढकलला. इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं.

बाबांनी खाली येऊन पाच मिनिटं नुसता आवाज ऐकला. मग म्हणाले, “उत्तम.” बाबांच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात चार-पाच वेळाच ऐकला असेल. त्या रात्री उंधियू खाताना मी बराच वेळ कार्बोरेटरवर व्याख्यान दिलं, आणि आईने शेवटी मला गप्प बस म्हणून सांगितलं.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढायला लागलं आणि पहिलं टिपण आलं. ‘विषय : गाडी. गाडी थंड असता सुरळीत चालते. दवाखान्याहून परत येताना, तापल्यावर, चौकात उभी असता दोनदा बंद पडली. चोक आत होता. पेट्रोलचा वास येत होता.’ मी घाईत होते. प्लग काढून पाहिले, तर ते काजळी धरलेले, काळेकुट्ट. आता मिश्रण दाट झालं होतं. दाट का झालं असेल? उत्तर माझ्याकडे तयारच होतं. बाबांना दोन महिने चोक ओढून चालवायची सवय लागलीय, आता ते आत ढकलायला विसरतात. मी प्लग पुसले आणि टिपणावर ‘पाहिले’ लिहिलं.

दुसरं टिपण आठ दिवसांनी आलं. त्यात बंद पडल्याच्या तीन जागा, प्रत्येक वेळी गाडी किती वेळ उभी होती ते, आणि खाली रेघ मारून पुन्हा तेच वाक्य : ‘चोक आत होता.’ मी रविवारी सकाळी सात वाजता गाडी घेऊन स्टेशनपर्यंत जाऊन आले. एकदाही बंद पडली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. नाहीच. गाडी फक्त बाबांच्याच हातात बंद पडते, म्हणजे दोष गाडीत नाही, असा निकाल मी दिला. सकाळी सातचा गारवा आणि दुपारी बाराचं ऊन यांतला फरक माझ्या डोक्यात आला नाही. शिवाय मला एक वाईट खोड होती. चौकात थांबले तरी माझा पाय ॲक्सिलरेटरवरच असायचा, इंजिन घूं घूं करत ठेवायची मला घाईच असे. बाबा पाय उचलायचे. ते बरोबर चालवत होते म्हणून त्यांची गाडी बंद पडत होती आणि मी चुकीची चालवत होते म्हणून माझी चालत होती. तिसऱ्या टिपणावरही मी ‘पाहिले’ लिहिलं.

होळी झाली आणि त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. भर रावपुऱ्यात, दुपारी साडेबाराला, गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली आणि पुन्हा सुरूच होईना. मागे आई, तिच्या मांडीवर गरम पाण्याची पिशवी. बाबा पुन्हा पुन्हा स्टार्टर मारताहेत, पेट्रोलचा वास सुटलाय, मागे बस अडकलीय, स्कूटरवाले दोन्ही बाजूंनी शिव्या देत चाललेत. शेवटी चार लोकांनी धक्का मारून गाडी कडेला लावली. त्यांतला एकजण जाताना बाबांना म्हणाला, “काका, हवे घेर बेसो ने!” आता घरी बसा. हे मला आईने सांगितलं. बाबांनी त्या दिवशी टिपण लिहिलं नाही.

संध्याकाळी मी घरी आले, सगळं ऐकलं, आणि माझं डोकं फिरलं. घाबरले होते, हे आता कळतं. बसखाली गेली असती गाडी, हाच एक विचार मनात होता. पण माझी भीती तोंडातून बाहेर पडताना रागाचंच रूप घेऊन येते. मी दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

“बाबा, पुरे झालं आता. तुमचं लक्ष राहत नाही.”

“चोक आत होता,” ते म्हणाले.

“तुम्हाला वाटतं आत होता.”

“मी हात लावून पाहिला होता.”

“मग प्लग काळे कशाने होतात? आपोआप?”

ते काही मेकॅनिक नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई मूग गिळून बसली होती. तिचा जीव दुपारपासून थाऱ्यावर नव्हता आणि तिलाही मनातून वाटत होतं की आता नको. ते तिच्या चेहऱ्यावर त्यांना दिसलं. बाबा उठून आतल्या खोलीत गेले.

त्यानंतर सहा आठवडे आई रिक्षाने दवाखान्यात गेली. बाबा सुरुवातीला तिच्याबरोबर जायचे, मग जाईनासे झाले. रिक्षात बसून जायला माझी काय गरज, म्हणायचे. सकाळचा पेपर दुपारपर्यंत वाचत बसायचे. दाढी एक दिवसाआड व्हायला लागली. गल्लीत कुणी “काका, गाडी नथी काढता?” असं विचारलं की “आता मुलगी वापरते,” म्हणून मोकळे व्हायचे. आणि मुलगी खरंच वापरत होती. गाडी रोज चालली नाही तर बॅटरी उतरते, या सबबीवर मी ती कारखान्यात न्यायला लागले होते. पेट्रोल फार पिते, मागून काळा धूर येतो, हे मला दिसत होतं. म्हातारी झाली, असं म्हणून मी ते सोडून देत होते.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी मला लवकर निघायचं होतं. दोनचं ऊन. गोरव्याहून येताना रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी होती, संपता संपेना. मी सीटखाली पडलेली पर्स शोधायला वाकले आणि त्यासाठी पाय उचलला. इंजिन दोन-तीन मिनिटं अडखळत अडखळत चाललं, पेट्रोलचा वास आला, आणि फस् करून बंद पडलं. माझा हात आपोआप चोककडे गेला. चोक आत होता.

मी हात तिथेच ठेवून बसले. फाटक उघडलं. मागचे भोंगे वाजायला लागले. मी किल्ली फिरवत होते, गाडी सुरू होत नव्हती, आणि एक स्कूटरवाला खिडकीत वाकून म्हणाला, “बेन, आवडतुं नथी तो चलावो छो शुं काम?” येत नाही तर चालवता कशाला. एरवी मी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी मला रडू आलं, आणि ते त्याच्या बोलण्याचं नव्हतं.

गाडी निवल्यावर सुरू झाली. घरी येऊन मी डायरीखालची तिन्ही टिपणं काढली आणि पहिल्यांदा नीट वाचली. थंड असता सुरळीत. तापल्यावर, उभी असता बंद. चोक आत. पेट्रोलचा वास. किती मिनिटं उभी होती, तेसुद्धा. माझ्या कारखान्यात एखाद्या इन्स्पेक्टरने असा रिपोर्ट दिला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. स्लो जेटच्या बाजूने पेट्रोल जास्त येतंय, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात ‘पाहिले’ होतं. मला स्वतःची शिसारी आली.

रविवारी एकेक गोष्ट तपासत गेले. एअर फिल्टर काढून गाडी चालवली, म्हणजे हवा कुठे अडत असेल तर कळावं, फरक नाही. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची मोजली, बरोबर. पेट्रोल आत सोडणारी सुई चांगली बसत होती. मिश्रणाचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आवळला तरी इंजिन तापल्यावर घुसमटतच राहिलं. उरला तो जेट. त्यावर पन्नास आकडा कोरलेला होता, म्हणजे अर्धा मिलिमीटर. तो रुमालात बांधून सोमवारी कारखान्यात नेला.

आमच्याकडे भोक तपासायच्या पोलादी पिना असतात, सुईसारख्या बारीक, प्रत्येकीची जाडी ठरलेली. एक पिन भोकात गेली पाहिजे, तिच्यापेक्षा किंचित जाड असलेली जाता कामा नये. ती गेली तर माल बाद. मी न जाणारी पिन लावली आणि ती जेटमध्ये अलगद उतरली. तिच्या पुढची लावली, तीही गेली. भिंगाखाली धरलं तर भोक गोल राहिलंच नव्हतं. एका बाजूला लांबट झालं होतं आणि कडेला बारीक बारीक चरे होते. ते चरे बघून बोटांवरचे व्रण आठवले. पतंगाचा तो दोरा म्हणजे मांजा होता. काचेची भुकटी लावलेला. माझ्या बोटांची कातडी त्याने कापली होती आणि तो पितळेला काही करणार नाही असं मी समजले होते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची भोकं मोजून त्यांना सुनावणारी मी, स्वतःच्या घरचं भोक स्वतःच्या हाताने कानशीने घासल्यासारखं घासून बसले होते.

नवा जेट घ्यायला गॅरेजवाल्या काकांकडे गेले. त्यांनी जुना उजेडाकडे धरला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. “तार नाख्यो ने?”

“तार नाही. दोरा घातला.”

“कयो दोरो?”

“मांजा.”

त्यांनी कपाळाला हात लावला. “मांजो! अरे बेन, एना करता तो तार सारो हतो!” त्यापेक्षा तार परवडली असती. मग त्यांनी गॅरेजमधल्या सगळ्यांना बोलावून तो जेट दाखवला. ती शिक्षा मला कमीच वाटली.

नवा जेट बसवला, भर दुपारी पाय उचलून वीस मिनिटं गाडी उभी ठेवली. एका लयीत चालत राहिली. मग वर गेले. बाबा पेपर वाचत होते. मी त्यांच्यापुढे जुना जेट, भिंग आणि कारखान्यातून मागून आणलेली पिन ठेवली आणि सगळं सांगितलं. मांजाचं सांगितलं, सकाळी सातला गाडी नेऊन निकाल दिल्याचं सांगितलं, पाय न उचलायच्या खोडीचंही सांगितलं. “चोक आत होता, बाबा. दर वेळी आत होता. चूक माझी होती. तुमची काहीच नव्हती.”

त्यांनी पिन भोकात घालून पाहिली. काढली, पुन्हा घातली. “म्हणजे टिपणं बरोबर होती,” ते म्हणाले.

“शब्द न् शब्द.”

आई स्वयंपाकघरातून ओरडली, “सहा आठवडे रिक्षात माझी हाडं खिळखिळी झाली ती तुझ्या मांजापायी होय! आणि यांच्या डोक्यावर खापर फोडलंस!” स्वतः गप्प बसली होती ते ती सोयीस्कर विसरली. बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मला वाटलं, झालं, सगळं मार्गाला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली होती. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आई मागे बसली, मी पुढे त्यांच्या शेजारी. चोक ओढून गाडी सुरू केली, तापू दिली, चोक आत ढकलला. गल्लीतून रस्त्यावर आलो. हात बाहेर, गिअर, ब्रेक, सगळा क्रम पूर्वीसारखाच. दवाखान्यापर्यंत गाडी कुठे अडखळलीसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला होता की मी खिडकीतून उगाचच ओळखीच्या लोकांना हात करत होते.

परत येताना ऊन कडक झालं होतं. पहिल्या चौकात बाबांनी गाडी थांबवली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला, पाय उचलला. इंजिन नीट चाललं होतं. ते खाली वाकले, डॅशबोर्डखाली हात घातला आणि चाचपलं. मग सरळ बसले. मग पुन्हा वाकले. पोलिसाने हात केला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मागून भोंगा वाजला तेव्हा दचकून निघाले.

पुढच्या चौकात थांबलो. ते वाकले नाहीत. रस्त्यावरची नजर न काढता, हळू आवाजात, मागे आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने मला म्हणाले, “बघ गं जरा, आत आहे ना?”

“आत आहे, बाबा.”

“नीट हात लावून बघ.”

मी हात लावला. “आत आहे.”

त्यांनी मान हलवली आणि गिअर टाकला. दवाखान्यापासून घर वीस मिनिटांवर. तेवढ्यात त्यांनी मला सात वेळा विचारलं. सातही वेळा चोक आतच होता.